पोरगी परत आली, पण आमची राहिली नाही

"मॅडम, पोरगी परत आली, पण आमची राहिली नाही."

मी साताऱ्यात समुपदेशनाचं काम करते. ऑगस्ट २०२४ मध्ये पाटण तालुक्यातून आलेली एक आई खुर्चीत टेकता टेकताच हे बोलली. शेजारी वडील, मान खाली घातलेले. मुलगी बाहेर बाकावर बसलेली. तिला आपण सायली म्हणू. नाव आणि ओळखू येतील अशा खुणा मी बदलल्या आहेत. वर्षभर परदेशी राहून आलेल्या मुलांचे आईवडील हेच दुखणं थोड्याफार फरकानं माझ्याकडे घेऊन येतात, म्हणून तिची गोष्ट सांगते.

दहावी झाल्यावर सायली विद्यार्थ्यांच्या देवाणघेवाण योजनेतून जर्मनीतल्या एका खेडेगावात दहा-अकरा महिने राहिली. या योजना आता आपल्याकडेही माहीत होऊ लागल्या आहेत. रोटरीच्या युथ एक्सचेंजमध्ये साधारण पंधरा ते एकोणीस वयाची मुलं एक शैक्षणिक वर्ष परक्या देशातल्या कुटुंबात काढतात. यजमान कुटुंब राहण्या-जेवणाचे पैसे घेत नाही. विमान, विमा, व्हिसा घरच्यांनी बघायचा. एएफएस ही संस्था तर पहिल्या महायुद्धात जखमींना वाहून नेणाऱ्या अमेरिकन स्वयंसेवकांनी घडवली. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांना वाटलं की तरुण मुलं एकमेकांच्या घरात राहिली तर पुढच्या वेळी बंदूक उचलायला हात कचरेल, आणि त्यांनी शाळकरी मुलांची ये-जा सुरू केली. अमेरिकन सरकारची 'यस' शिष्यवृत्ती २००२ मध्ये निघाली. तिच्यात मुलांनी तिथं राहून समाजकामही करावं अशी अपेक्षा असते. भाषा शिकणं हा यातला एक भाग. दुसऱ्यांच्या गावात राहून गावासाठी काहीतरी करायला शिकणं, हा मोठा भाग. आईवडिलांना नेमकं हेच आधी कुणी नीट सांगत नाही.

आईची तक्रार लांबलचक होती. खोलीचं दार लावून बसते. नातेवाईक आले तर दोन शब्दांवर तिसरा नाही. वडिलांनी दुकानामागं कचरा पेटवला तर सगळ्यांसमोर त्यांना बोलली. दुकानातल्या हमालाचा चहाचा पेला वेगळा का, म्हणून भांडली. चुलत्यांनी "तू लहान आहेस" म्हटल्यावर ताटावरून उठून गेली. "एवढे पैसे घातले, वर्ष घातलं आणि हे काय घेऊन आली?" वडील एवढंच बोलले.

मी आधी सायलीला एकटीला आत घेतलं. हे मी प्रत्येक मुलाच्या बाबतीत करते आणि पालकांनी त्याचा राग मानू नये. तिथल्या घरात, शाळेत, प्रवासात कुणी अंगाला हात लावला का, धमकावलं का, हे मुलं आईवडिलांदेखत सांगत नाहीत. तसं काही झालं नव्हतं. झोप, भूक, रडू, जगणं नकोसं वाटणं हेही विचारलं. दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप-जेवण उडालं असेल, कशातच जीव रमत नसेल, तर मी मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवते. आणि मरणाचे विचार असतील तर एक दिवसही थांबत नाही. टेलि-मानस या मानसिक मदतीच्या सेवेचा १४४१६ हा सरकारी फोन कुणालाही, कुठूनही लावता येतो. सायली रात्री नीट झोपत होती, जेवत होती. तिला राग होता, आणि त्या रागाखाली आठवण होती.

काय आठवतं, असं विचारल्यावर ती पाऊण तास बोलली. जर्मनीतल्या बहुतेक खेड्यांत आग विझवणारे लोक पगारी नसतात, गावातलेच स्वयंसेवक असतात. त्यांची मुलांसाठी वेगळी शाखा असते, 'युगेंडफॉयरवेअर'. यजमान घरातली मुलगी त्यात होती, तिच्याबरोबर सायलीही दर आठवड्याला सरावाला जायला लागली. गाठी मारायच्या, प्रथमोपचार शिकायचे, पाण्याच्या नळ्या जोडायच्या. ९ जून २०२४ ला युरोपीय संसदेची निवडणूक होती. जर्मनीत त्या निवडणुकीत पहिल्यांदाच सोळा वर्षांच्या मुलांना मत देता आलं. यजमानांची मुलगी मत देऊन बाहेर आली तेव्हा सायली दारात तिची वाट बघत उभी होती. "मॅडम, ती माझ्यापेक्षा चार महिन्यांनी लहान आहे. आणि मी घरी आले तर मी लहान."

नॉर्वेचे समाजशास्त्रज्ञ लिसगार्ड यांनी १९५५ मध्ये अमेरिकेत राहून आलेल्या आपल्या देशबांधवांचा अभ्यास मांडला. सुरुवातीचा आनंद, मग मन खाली जाणं, मग हळूहळू सावरणं, असा इंग्रजी 'यू' अक्षरासारखा आलेख. १९६३ मध्ये गुलाहॉर्न दांपत्यानं त्याला आणखी एक 'यू' जोडला: घरी परतल्यावर मन पुन्हा तसंच खाली जातं. प्रत्येकाचं मन या रेघेवरून चालतं असं नाही, पुढच्या संशोधकांनी हे दाखवलंय. तरी मी तो आलेख सायलीच्या आईबाबांना कागदावर काढून दाखवला. डिसेंबरात दुपारी चारला अंधार पडायचा तेव्हा पोरगी फोनवर रडायची, हे आईला आठवलं. "तेव्हा तुम्ही काय केलंत?" "ऐकून घेत होतो." "मग आता?" आई काहीच बोलली नाही. परदेशात मूल कोमेजलं तर आपल्याला कळतं, पण स्वतःच्या घरात कोमेजलं की ते आपल्याला उर्मटपणा वाटतं.

वर्षाबद्दलही बोलून टाकते. इथल्या अकरावीच्या जागी ते वर्ष धरलं जाईल, असं गृहीत धरून मुलाला पाठवू नका. कॉलेजशी आधी बोला, जे ठरेल ते लेखी घ्या. सायली एक वर्ष मागे पडली, आणि हे घरच्यांनी जाण्याआधीच मान्य केलेलं असतं तर निम्मी कुरबुर वाचली असती.

तिसऱ्या भेटीला आजोबा आले. ऐंशीच्या घरातले, पांढरी टोपी, हातात काठी. बराच वेळ ऐकलं आणि म्हणाले, "मी धनिणीच्या बागेत होतो, शाहू बोर्डिंगात. अण्णा होते तेव्हा." साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी, म्हणजे अण्णांनी, १९२४ मध्ये काढलेलं हे बोर्डिंग, १९२७ मध्ये गांधीजींनी त्याला शाहू महाराजांचं नाव दिलं. सगळ्या जातींची पोरं एका छपराखाली, एका पंगतीत, स्वतः राबून शिकणारी. आजोबा म्हणाले, "दिवाळीला एक दोस्त घरी आणला. माझ्या आईनं त्याला उंबऱ्याबाहेर बसवून वरनं पाणी घातलं. आठ दिस मी आईशी बोललो न्हाय. ती समद्यांस्नी सांगत सुटली, पोर शिकून बिघडलं म्हणून." मग लेकाकडे बघत म्हणाले, "त्या पेल्याचं पोरीनं बरोबर सांगितलं." वडिलांची कानशिलं लाल झाली. मी त्यांना काही बोलले नाही, गरजच राहिली नव्हती.

पण सायलीशी बोलायचं बाकी होतं. मुलं परत येतात ती उत्तरं घेऊन येतात, आणि गावाला अजून प्रश्नच विचारलेला नसतो. मी तिला म्हटलं, "तिथं पहिल्या दिवसापासून तुझं ऐकत होते का?" ती हसली. "छे! पहिले चार महिने मी नुसत्या नळ्या धुऊन गुंडाळत होते. भाषाच येत नव्हती." "मग इथं किती नळ्या गुंडाळल्यास?" बराच वेळ ती खिडकीतून पोवई नाक्याच्या गर्दीकडे बघत राहिली.

पुढचं तिनंच शोधलं. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथं दरडी कोसळल्या, माणसं गाडली गेली. तिच्या वाडीच्या वरही डोंगर आहे. कुणाला आधी हलवावं लागेल, याची यादी गावात कुणाकडेच नव्हती. ती आजोबांबरोबर घरोघर फिरली. आजोबा बरोबर होते म्हणून लोकांनी पोरीला चहा पाजला आणि खरी माहिती दिली. आपापलं चालू न शकणारी माणसं असलेली अकरा घरं निघाली. रात्री कुणाच्या जीपगाडीची चावी कुठं टांगलेली असते, वरच्या ओढ्याचं पाणी गढूळ झालं की म्हातारे काय ओळखतात, हेही वहीत आलं. "यातलं मला काही माहीत नव्हतं," हे ती मला दोनदा म्हणाली.

आता वही गावापुढं ठेवायची कशी? ग्रामसभेचे सदस्य मतदारच असतात आणि सायली सतरा वर्षांची. पण आई मतदार आहे. ग्रामसभेआधी बायकांची वेगळी सभा घ्यायची असते, हे कायद्यात आहे. त्या सभेला आई लग्न होऊन आल्यापासून एकदाही गेली नव्हती. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेआधी ती गेली. हात थरथरत होते, म्हणून एका शेजारणीनं वही धरली आणि आईनं अकरा नावं वाचली. वाचता वाचता तीन बायकांनी आणखी दोन घरं सांगितली. ठरावात यादी घ्यायला सरपंच तयार झाले, मात्र दोराचे आणि बॅटऱ्यांचे पैसे कुठून घालायचे यावर वाद झाला आणि ते काम तेव्हा राहिलंच.

सायलीचा राग एका वहीनं गेला असं मी म्हणणार नाही. चुलत्यांशी अजून ताणाताणी आहे. डिसेंबरात तिला जर्मनीतल्या घराची फार आठवण यायची, तेव्हा ती दोनदा नुसती बसायला माझ्याकडे आली. दुकानातले पेले मात्र सगळे एकसारखे झाले.

२०२५ च्या जूनमध्ये पाऊस लागून राहिला होता तेव्हा तिच्या वडिलांचा फोन आला. मला वाटलं काही बिनसलं. "काही नाही मॅडम, बॅटऱ्या कुठल्या चांगल्या मिळतात विचारायचं होतं. सहा घ्यायच्यात दुकानाच्या पैशांतनं. पोरगी आणि आबा यादीतल्या घरांना जाऊन आले, दोन म्हातारी माणसं आजच शाळेत आणून ठेवलीयेत." मागून आजोबांचा आवाज येत होता, कुणाला तरी सांगत होते की कांबळं नीट घडी घाल, ओलं होईल.