हरिहरेश्वरची समुद्राकाठची प्रदक्षिणा सत्तरीच्या सासूबाई आणि 7 वर्षांच्या मुलाला जमेल का? किती वाजता जावं?

जमेल, पण किती वाजता ते घड्याळात बघू नका, कॅलेंडरवर तिथी बघा. तुम्ही लिहिलंय की शनिवारी दुपारी पोचणार, जेवणार आणि मग "लगेच प्रदक्षिणा उरकून घेणार". हे वाचूनच उत्तर लिहायला बसलो, कारण आम्ही कॉलेजात असताना नेमकं हेच केलं होतं.

माझ्या मामांचं घर श्रीवर्धनला, तिथून हरिहरेश्वर वीसेक किलोमीटर, त्यामुळे आपल्याला सगळं माहितीये असा एक माज होता. दुपारी दीडला जेवून आम्ही पाच जण देवळामागच्या पायऱ्या चढून डोंगरावर गेलो, पलीकडे दोन कातळांच्या मधल्या फटीतून ज्या अरुंद पायऱ्या थेट समुद्रात उतरतात तिथपर्यंत आलो, बघतो तर खाली चालायचा खडकच नाही, सगळं पाणी. तरी दोघं उतरलेच. एक लाट त्या फटीत शिरली, दोन्ही भिंतींवर आपटून वर उसळली आणि एकाची चप्पल घेऊन गेली, चप्पलच गेली हे नशीब. वर कोकम सरबत विकणाऱ्या मावशी ओरडल्या, "अरे आज पुनव आहे, पाणी उतरू दे की, साडेचारला या!" संध्याकाळी मामांनी जे काही सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही, पण त्यानंतर त्यांनी जे गणित शिकवलं ते लिहितो.

तिथीची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ येते. म्हणजे चतुर्थी असेल तर 4 ची पाऊणपट 3, भरती दुपारी तीनला आणि पहाटे तीनच्या पुढे एकदा. त्याच्या सहा तास अलीकडे-पलीकडे ओहोटी, म्हणजे सकाळी नऊ आणि रात्री नऊ. शुद्ध असो वा वद्य, हिशोब तोच. पौर्णिमा-अमावास्येला भरती दुपारी बाराच्या आसपास येते, ओहोटी सकाळी सहा आणि संध्याकाळी सहा. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून मोबाईलवर भरती-ओहोटीचं अ‍ॅप असेल तर तेही बघा, पण ढोबळ प्लॅन कालनिर्णयवर बोट ठेवून होतो.

आता यातली खरी गंमत. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, पाणी खूप वर चढतं तसंच खूप खालीही जातं, आणि सप्तमी-अष्टमीला भांग असतो, तेव्हा भरती-ओहोटीतला फरक कमी, म्हणजे ओहोटीलाही खडक पूर्ण उघडा पडत नाही आणि वर ती ओहोटी येते ऐन दुपारी बाराला, डोक्यावर ऊन. त्यामुळे मला विचाराल तर द्वितीया ते चतुर्थी बेस्ट, पाणी चांगलं आत गेलेलं असतं आणि वेळ सकाळी साडेसात ते नऊची मिळते. तुमची तारीख दिलेली नाही म्हणून तुम्हीच लावून बघा. ओहोटीच्या तास-सव्वा तास आधी खाली उतरायचं, म्हणजे पाणी अजून आत जात असतं आणि परत फिरायच्या आत आपण बाहेर. रमतगमत धरून सगळा फेरा तास-दीड तासाचा.

क्रम असा की आधी काळभैरवाचं दर्शन, मग हरिहरेश्वर, मग परत काळभैरव, असं तिथे सांगतात. (पेशव्यांचं हे कुलदैवत, भट घराणं मूळ श्रीवर्धनचंच.) त्यानंतर पायऱ्या चढून डोंगर, उतरून खडक, आणि खडकावरून डोंगराला वळसा घालत परत देवळाजवळच्या वाळूवर. उलट्या दिशेने जाऊ नका, फटीतल्या पायऱ्यांवर समोरून माणसं आली की अडकायला होतं.

सासूबाईंचं म्हणाल तर चढण फार नाही पण फटीतल्या पायऱ्या उंच आहेत, ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांनी वरूनच समुद्र बघून मागे फिरावं. माझी आई तशीच फिरली आणि वर आम्हालाच म्हणाली, "शंकराला अर्धीच प्रदक्षिणा असते, माझी पूर्ण झाली." यावर कोण काय बोलणार!

मुलाला मात्र खाली न्याच. तो काळा कातळ जवळून बघण्यासारखा आहे, आख्ख्या भिंतीला मधाच्या पोळ्यासारखी भोकं, काही बोट जाईल एवढी, काही डोकं. लाटांचं पाणी दगडाच्या बारीक छिद्रांत मुरतं, उन्हात वाळतं, आत मिठाचे खडे धरतात आणि ते फुगून दगडाचा कण न कण सुटा करतात, असं वर्षानुवर्षं चालू. माझ्या भाचीने एका भोकात बोट घालून चाटलं होतं, खारट! खाली डबक्यांत पाणी साठलेलं असतं, त्यात शंख चालताना दिसला तर नीट बघा, आत बहुतेक खेकडा असतो. कधी गावातल्या बायका कालवं (खडकाला चिकटलेले शिंपले) फोडताना दिसतात, त्यांच्या कामात मध्येमध्ये करू नका, त्यांनाही पाणी यायच्या आत आटपायचं असतं.

हिरवं दिसेल तिथे पाय ठेवायचा नाही, ते शेवाळ आहे. मागे पट्टा असलेल्या सँडल घाला, साध्या चपला नकोत. समुद्राकडे पाठ करून फोटो अजिबात नको, खडकाच्या कडेवरून लोक ओढले गेलेत म्हणूनच तिथे पाट्या लावल्यात. जून ते सप्टेंबर जाणार असाल तर फक्त देवळात जा, तिथी कुठलीही असली तरी.

आणि शनिवारी दुपारी पोचल्यावर काय करायचं? घरगुती खानावळीत सकाळीच फोन करून जेवण सांगून ठेवा, ऐनवेळी मिळत नाही. मोदक हवे असतील तर तेही तेव्हाच सांगा. मग जरा झोपा, संध्याकाळी मुलाला श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर सोडा, तिथे वाळू भरपूर आहे. दुसऱ्या दिवशी प्रदक्षिणा झाली की बागमांडल्याहून फेरीबोटीने गाडीसकट सावित्रीची खाडी ओलांडून पलीकडे वेश्वीला जाऊन या, मुलाला ती प्रदक्षिणेपेक्षा जास्त आवडेल अशी माझी पैज.