गुलाबाच्या पानांवरचे गोल कातरे

प्रश्न : आमच्या गच्चीतील गुलाबाच्या पानांच्या कडा कोणी कात्रीने गोल कापल्यासारख्या दिसतात, पण अळी कोठेच सापडत नाही. परवा एक मधमाशी हिरवा तुकडा घेऊन दाराच्या कडीच्या भोकात शिरताना दिसली. ती पाने खाते का? औषध फवारावे का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : फवारणी कृपया करू नका. ही मेगाकिलिडी कुळातील, पाने कापणारी एकांडी मधमाशी आहे. ती पान खात नाही, तर त्याचा तुकडा जबड्याने काही सेकंदांत कापून पायांत धरून घरट्याकडे नेते. तिला पोळे, राणी किंवा कामकरी माश्या नसतात; प्रत्येक मादी आपले घरटे एकटीच बांधते.

लांबट तुकडे एकावर एक बसवून ती भोकात शिवताना बोटात घालायच्या टोपणासारखी कोठडी तयार करते, तीत परागकण व मकरंद यांचा गोळा ठेवते, त्यावर एकच अंडे घालते आणि अगदी गोल कापलेल्या तुकड्यांनी तोंड बंद करून पुढची कोठडी बांधू लागते. या रांगेत आतल्या बाजूस माद्यांची आणि दाराजवळ नरांची अंडी असतात. नर आधी बाहेर पडत असल्याने त्यांची वाट मोकळी राहावी, अशी ही मांडणी मला फार विलक्षण वाटते.

तुमच्या घरच्या माशीचे पोट खालून पाहा. पोळ्यातील मधमाशी पराग मागच्या पायांवर वाहते, तर ही पोटाखालच्या दाट केसांत, त्यामुळे ते पिवळे दिसेल. तुरीच्या फुलाची मिटलेली पाकळी दाबून उघडण्याचे काम याच कुळातील माश्या उत्तम करतात, आणि उत्तर अमेरिकेत लसूणघासाच्या बियाण्यासाठी त्यांतील एक जात मुद्दाम पाळली जाते.

काही पाने कापली गेल्याने निरोगी झाडाचे बिघडत नाही. फवारलेले पान मात्र तिच्या पिल्लाच्या कोठडीची भिंत होईल. मुद्दाम हातात दाबून धरल्याशिवाय ती सहसा डंख मारत नाही. कडी वापरायची असेल, तर एका टोकाला पेर असलेले, पेन्सिलीएवढ्या पोकळीचे बांबूचे तुकडे सकाळचे ऊन येईल अशा कोरड्या जागी आडवे बांधा. भरलेले भोक मात्र पिल्ले बाहेर पडेपर्यंत तसेच राहू द्या.