सहावी ते आठवीच्या अभ्यासक्रमात कोणते विषय असतात आणि त्यांची अध्ययन उद्दिष्टं कशी लिहायची?

विषयांचं उत्तर एका दमात संपतं: भाषा (पहिली, दुसरी, काही ठिकाणी तिसरीही), गणित, विज्ञान, सामाजिक शास्त्रं, कला, शारीरिक शिक्षण आणि कार्यानुभव किंवा तंत्रज्ञान. नावं थोडी इकडची तिकडे होतात, एवढंच.

उद्दिष्टांचं तुम्ही विचारलंत आणि नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलंत. तुम्ही म्हणता की तुम्हाला क्रियापदांचा तक्ता मिळालाय आणि त्यावरून प्रत्येक घटकाची उद्दिष्टं लिहायची आहेत. तो तक्ता आधी ड्रॉवरमध्ये टाका. तो येतो अमेरिकी शिक्षण-मानसशास्त्रज्ञ बेंजामिन ब्लूम यांच्या वर्गवारीतून, म्हणजे शिकण्याच्या सोप्याकडून अवघडाकडे जाणाऱ्या पायऱ्यांतून; ती 1956ची. 2001च्या सुधारणेत पायऱ्यांना आठवणे, समजणे, उपयोजन करणे, विश्लेषण करणे, मूल्यमापन करणे, निर्मिती करणे अशी क्रियारूप नावं आली. वर्गवारीशी माझं भांडण नाही. 'समजतो' खोडून 'विश्लेषण करतो' लिहिलं की उद्दिष्ट सुधारलं, असं मानणाऱ्यांशी आहे, आणि ते जुनं आहे. पातळी क्रियापदात नसते, मुलापुढे ठेवलेल्या कामात असते. 'बाष्पीभवन आणि उत्कलन यांतील फरक स्पष्ट करा' हे तक्त्याप्रमाणे आकलन. पण पुस्तकात तो फरक दोन रकान्यांत छापलेला असेल, तर ती शुद्ध घोकंपट्टी झाली. 'पाणी 100 अंशांना उकळतं, मग सावलीतलं ओलं फडकं कसं वाळतं?' हे विचारा, मग आकलन दिसेल.

म्हणून आधी प्रश्न लिहा, उद्दिष्ट नंतर. गुणोत्तर-प्रमाणाचा घटक घ्या. बहुतेक नियोजनांत 'विद्यार्थ्याला प्रमाण ही संकल्पना समजते' एवढंच असतं. हे धड्याचं नाव झालं. यात नापास कसं व्हायचं ते कुणी सांगू शकत नाही.

आता असा प्रश्न करा: 2 डबे निळा आणि 3 डबे पांढरा रंग मिसळून एक छटा मिळते, तीच छटा हवी तर 4 डबे निळ्याला पांढरा किती? मूल 6 लिहितं, आपण खूश. पण दुप्पट करणं लहान वर्गातल्या पोरालाही जमतं, त्यातून काही कळत नाही. 4च्या जागी 6 घाला: बरोबर उत्तर 9, आणि 'निळे 4 वाढले, म्हणून पांढरेही 4 वाढवू' असा विचार करणारं मूल 7 लिहील. मग 5 घाला: बरोबर उत्तर साडेसात, बेरीजवाल्याचं 6. 6 डब्यांचं उत्तर बरोबर आणि 5 डब्यांच्या प्रश्नात 7 किंवा 8 आलं, तर बहुधा घोडं अपूर्णांकात अडलंय, प्रमाणात नाही. त्याला प्रमाण पुन्हा शिकवून उपयोग नाही, अडीच पट म्हणजे काय ते शिकवा.

तिसरा प्रश्न लोक विसरतात. भाऊ 4 वर्षांचा असताना बहीण 8ची होती; भाऊ 10चा होईल तेव्हा बहीण किती वर्षांची? उत्तर 14. घटकाच्या शेवटी हा प्रश्न टाकून बघा, हुशार म्हणवली जाणारी मुलंही तिरकस गुणाकार (8 × 10 ÷ 4) करून 20 लिहितात. शिकवल्यामुळे झालेली चूक आहे ही!

हे तीन प्रश्न समोर असले की उद्दिष्ट आपोआप लिहिलं जातं. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ रॉबर्ट मॅगर यांनी 1962 साली त्याचे तीन भाग सांगितले होते: मूल काय करून दाखवेल, कोणत्या परिस्थितीत, आणि किती बरोबर आलं तर चालेल. तसं लिहायचं तर: 'दोन राशींमधलं नातं गुणाकाराचं की बेरजेचं हे विद्यार्थी नव्या उदाहरणात ओळखतो आणि गुणाकाराचं असेल तर पट पूर्णांकात नसतानाही चौथी राशी काढतो, सूत्र न देता, 5 पैकी 4 उदाहरणं बरोबर.' त्या पाचांत बेरजेची 2 ठेवा. एकच ठेवलंत तर आंधळा तिरकस गुणाकार करणारं मूल बरोब्बर 4 मिळवून पास होतं.

बाकी विषयांत रीत हीच. भाषेत सारांशाचं उद्दिष्ट असेल तर न शिकवलेला 200 शब्दांचा उतारा द्या आणि 40 शब्दांची मर्यादा घाला; मर्यादा नसली की मुलं प्रत्येक परिच्छेदाचं पहिलं वाक्य उतरवून काढतात. विज्ञानात 'एका वेळी एकच घटक बदलणे' हे लंबकावर तपासता येतं: फक्त दोऱ्याची लांबी बदलायची, गोळा तोच, झोका लहान, आणि 10 झोक्यांचा वेळ मोजून 10ने भागायचं, कारण एकाच झोक्यात घड्याळ दाबायला झालेला उशीर सगळं मोजमाप खाऊन टाकतो. भूगोलात 1:50,000च्या नकाशावर 4 सेंमी म्हणजे 2 किमी हे सगळे काढतात. वळणाचा रस्ता देऊन दोरा वापरायला लावा, फरक दिसेल. इतिहासात एकाच घटनेच्या दोन नोंदी शेजारी ठेवा आणि कुठे जुळत नाहीत ते विचारा.

संख्येचं भान ठेवा. आठवड्याला 5 तासिका आणि शिकवण्याचे 32 आठवडे धरले तर 160. पाचवा हिस्सा उजळणी-परीक्षांना सोडा, उरल्या 128. घटक 12 असतील तर प्रत्येकाला जेमतेम 10-11 तासिका. त्यात 3, फार तर 4 उद्दिष्टं मावतात. 9 लिहिणारा ती तपासणार नाही हे त्यालाही ठाऊक असतं.

एक राहिलं: कला, कवितेचा आस्वाद, खेळातली सांघिकता इथे '5 पैकी 4'चा हट्ट धरू नका, हास्यास्पद होतं. तिथे काय बघणार ते दोन ओळींत लिहा आणि सत्रात निदान तीनदा बघा. आणि वरून तक्त्यातलं क्रियापद मागितलंच, तर प्रश्न तयार झाल्यावर ते शेवटी चिकटवा, पाच मिनिटांचं काम आहे.