नाकाबंदी तोडून पळालेल्या गाडीवर पाठलागानंतर पोलिसांनी गोळी घातली, तर चुकलं काय?

तुम्ही विचारलंय, चालक थांबला नाही, किलोमीटरच्या किलोमीटर पळवलं आणि शेवटी गाडी पोलिसांच्याच अंगावर घेतली, मग गोळी घातली तर एवढा गहजब कशाला. मी ३१ वर्षं खात्यात काढली, हवालदार म्हणून निवृत्त झालो. माझं मत विचाराल तर बहुतेक वेळा चुकलेलंच असतं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. रात्री दोनच्या सुमारास वायरलेसवर कॉल आला : शेजारच्या तालुक्यात दरोडा, पांढरी सुमो, नंबरचे शेवटचे दोनच आकडे. अर्ध्या तासात पांढरी सुमो आलीच. टॉर्च दाखवला, शिट्टी मारली. ती बॅरिकेड उडवून गेली. होमगार्डचा पोरगा थोडक्यात वाचला. आम्ही जीप मागे लावली. पीएसआय साहेब पुढे, गाडीवर माझाच बॅचमेट, मागे एक शिपाई आणि मांडीवर थ्री नॉट थ्री रायफल घेऊन मी.

साहेब दोनदा ओरडले, "टायरवर मार!" खड्ड्यांचा रस्ता, जीप उडतेय, समोर धुरळा, आणि टायरवर मार. ती गोळी किलोमीटरच्या पुढे जाते आणि पुढे वस्ती होती. मी नुसता "हो साहेब" म्हणत राहिलो. समजा टायर फुटला, तरी ताशी ८० ने जाणारी गाडी जागच्या जागी थांबते थोडीच? ती कुठे घुसेल ते कोणाच्याच हातात नसतं.

रेल्वे फाटक बंद होतं म्हणून सुमो अडली. आम्ही उतरलो. मी नको तिथे उभा राहिलो, सुमोच्या बरोबर मागे, पाठीशी आमची जीप. बोल्ट मारलेला, बोट ट्रिगरवर. आणि सुमोचे रिव्हर्सचे पांढरे दिवे लागले. दहा पावलांचं अंतर. मी रस्त्याकडेच्या चारीत उडी टाकली. सुमो धाडकन जीपच्या बॉनेटवर आदळली आणि बंद पडली.

आतून निघालं जेमतेम विशीतलं पोरगं आणि मागे गोवा बनावटीच्या दारूचे खोके. दरोड्याशी काडीचा संबंध नव्हता. मागे घेऊन कच्च्या रस्त्याला लागायचं होतं, माणूस उभा आहे ते दिसलंच नाही, असं तो म्हणाला. खरं-खोटं त्याला ठाऊक. पण मी ट्रिगर दाबला असता तर दारूच्या खोक्यांसाठी एक पोरगं गेलं असतं, आणि दुसऱ्या दिवशीच्या पेपरात तो दरोडेखोर झाला असता.

मला काय मिळालं? मेमो. "शस्त्र असताना वापर का केला नाही, खुलासा करावा." आणि बॅचमेट आजतागायत प्रत्येक लग्नात चारचौघांत सांगतो, हा घाबरला. घाबरलो होतोच. घाबरून मी बाजूला झालो. त्याच्या मते घाबरून गोळी झाडायला हवी होती.

कायद्याचं म्हणाल तर जुन्या सीआरपीसीचं, म्हणजे फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ४६, १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या बीएनएसएसचं, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं ४३. अटक करायला लागेल तेवढं बळ वापरा, पण ज्याच्यावर फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्याचा आरोप नाही त्याचा जीव घ्यायचा हक्क हे कलम देत नाही. नाकाबंदी तोडणं त्यात बसत नाही. उरतो स्वसंरक्षणाचा हक्क, पण तो धोका असेपर्यंतच. गाडी बाजूने निघून गेली, मग मागच्या काचेतून घातलेली गोळी कसलं संरक्षण?

३१ मार्च १९९७ ला दिल्लीत कनॉट प्लेसला क्राइम ब्रँचने गुंड समजून एका निळ्या मारुती एस्टीम गाडीवर गोळ्या झाडल्या. दोन व्यावसायिक मेले, तिसरा जखमी. आधी गाडीतून गोळीबार झाला, असं सांगितलं गेलं. ते खोटं निघालं. एसीपीसह दहा पोलिसांना जन्मठेप, २०११ मध्ये सुप्रीम कोर्टातही कायम. न्यू यॉर्कच्या पोलिसांनी तर १९७२ मध्येच चालत्या गाडीवर गोळी झाडायला बंदी घातली. चालकाला गोळी लागली म्हणून त्याचा पाय आपोआप ब्रेकवर जात नाही, हे आम्हाला ट्रेनिंगमध्ये कोणी सांगितलं नाही.

आता हेही सांगायला हवं की गाडी मुद्दाम गर्दीत घालत असेल, किंवा आपला माणूस खाली अडकलाय आणि चालक पुन्हा अंगावर घेतोय, तर मी पण झाडली असती. आणि दरोड्याला जन्मठेप आहे, म्हणजे त्या रात्री सुमोत खरेच दरोडेखोर असते तर कलम ४६ माझ्या आड आलं नसतं. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने २०१४ मध्ये पाठलागाच्या शेवटी झाडलेल्या १५ गोळ्या योग्य ठरवल्या, चालक आणि शेजारी बसलेली बाई दोघं मेली तरी. तेव्हा तुमच्या बाजूचे लोकही आहेत.

पण २०१४ मध्येच आपल्या सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की चकमकीत माणूस मेला तर एफआयआर, स्वतंत्र तपास, मॅजिस्ट्रेटची चौकशी, आणि लगेच बढती किंवा शौर्यपदक नाही. बॅचमेटला हे सगळं मी मागच्या महिन्यात फोनवर वाचून दाखवलं. तो म्हणाला, ते बरोबर आहे रे, पण बॉनेटचे पैसे माझ्या पगारातून कापले होते. ते मात्र खरं आहे.