गाडी सुटल्याचं स्वप्न वारंवार पडतं. आयुष्यातलं स्वप्न अपुरं राहिलं म्हणून का?

कूलरचा सीझन चालू आहे, दुकानात मान वर करायला वेळ नाही, तरी लिहितो. कारण तुमची गाडी सुटते तशी माझीही सुटते, आणि माझी पंचवीसेक वर्षांपासून सुटून राहिली आहे.

तुम्ही लिहिलंय की एप्रिलपासून पहाटे हेच स्वप्न पडतं: स्टेशनवर पोचता, गाडी हलते, पाय उचलत नाहीत. आणि विचारलंय की स्पर्धा परीक्षा अर्ध्यात सोडली, त्याची ही शिक्षा आहे का. शिक्षा वगैरे काही नाही. पण हे तुमच्या डोक्यात कुणी घातलं असेल ते मला बरोबर माहीत आहे, कारण आमच्या घरी तसा एक माणूस आहे.

माझ्या स्वप्नातली गाडी म्हणजे छोटी लाईन. नागपूर-छिंदवाडा, अडीच फुटी रूळ. ती 2015 मध्ये बंद झाली, नंतर मोठी लाईन टाकली, पण माझ्या झोपेत ती अजून सुटते. बाबा तिच्यावर गार्ड होते. ड्युटीवरून आले की त्यांचा हातकंदील ओसरीत ठेवत. वरचं टोपण फिरवलं की आतली रंगीत काच फिरायची. बाबा विचारायचे, "सांग, कोणता?" मी सांगायचो, आणि कधीच चुकायचो नाही. चुकणार कसा, मी कान देऊन ऐकायचो. एक खटका म्हणजे लाल, दोन खटके म्हणजे हिरवा. सगळेच असं ओळखतात असं मला वाटायचं. बाबांना वाटायचं, पोरगं ड्रायव्हर होणार. मलाही दुसरं काही व्हायचंच नव्हतं.

भरतीची लेखी परीक्षा निघाली. मग मेडिकल. इंजिनावर जायचं तर डोळे सगळ्यात कडक तपासतात, चष्मा चालत नाही आणि रंग तर ओळखता आलेच पाहिजेत. डॉक्टरांनी ते ठिपक्यांचं पुस्तक उघडलं. इशिहारा नावाच्या जपानी डॉक्टरानं 1917 मध्ये काढलेलं. पहिल्या पानावर 12 असतो, तो सगळ्यांना दिसतो. मलाही दिसला. दुसऱ्यावर मी 3 म्हटलं, तिथे 8 होता. पुढे एका पानावर मी ठणकावून 21 सांगितला, तिथे 74 होता. काही पानांवर तर नुसते ठिपके. डॉक्टरांनी पुस्तक मागं नेऊन पुन्हा दाखवलं, बिचारे सज्जन होते. मग चष्मा काढून म्हणाले, "बेटा, तुला कधी कुणी सांगितलं नाही?"

खटका ऐकायला तिथे कंदील नव्हता.

आता त्या माणसाबद्दल. माझा थोरला भाऊ. त्याचे क्लासेस होते, चांगले चालायचे. भिंतीवर पेंटरकडून मोठ्या अक्षरांत लिहून घेतलं होतं की झोपेत पडतं ते स्वप्न नव्हे, झोपू देत नाही ते स्वप्न. मी त्या दिवशी घरी आलो तर मला म्हणतो, "काहून रडून राहिला बे? तू घाबरला तिथं. मनापासून पाहिजे असतं ना, तर दिसलं असतं." घरात म्हटलं असतं तर सोडून दिलं असतं. पण पुढची कित्येक वर्षं तो वर्गात माझं उदाहरण द्यायचा. माझाच भाऊ बघा, दारापर्यंत जाऊन परत आला, जिद्द कमी पडली. हे मला त्याच्याच एका विद्यार्थ्यानं सांगितलं, कूलर न्यायला आला तेव्हा.

लाल-हिरव्याचा हा दोष जन्मजात असतो आणि आईकडून मुलाला येतो. आईकडे तो दडून असेल तर प्रत्येक मुलाला निम्मी-निम्मी शक्यता. छापा-काटा. दादाचा छापा पडला, माझा काटा. यात जिद्द कुठे बसते ते मला कुणी समजावून सांगावं.

आता तुमच्या प्रश्नाकडे येतो. आपण म्हणतो "स्वप्न पडलं" आणि "स्वप्न बघितलं". पडतं ते पाऊस पडावा तसं, त्याचा हिशेब कुणी मागू नये. बघतो ते आपण आपल्या मर्जीनं, त्याची थोडीफार जबाबदारी घ्यावी. थोडीफार म्हणतोय. या दोन्ही गोष्टींना एकच शब्द आहे म्हणून क्लासवाल्यांचं फावतं.

झोपेतल्या स्वप्नाचं यंत्र साधारण असं: 1953 मध्ये शिकागोत असेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी झोपेतला तो टप्पा दाखवला ज्यात पापणीखाली बुबुळं भराभर फिरतात. त्याला रेम झोप म्हणतात. ठसठशीत स्वप्नं बहुतेक त्याच टप्प्यात पडतात. दर दीडेक तासानं हा टप्पा येतो आणि पहाटेकडे लांबत जातो. म्हणून पहाटेची स्वप्नं जास्त लक्षात राहतात, आणि म्हणूनच ती खरी होतात असं आजी सांगायची. त्या वेळी हातापायाचे स्नायू ढिले पडलेले असतात, नाहीतर गाडीमागं पळता पळता आपण पलंगावरून खाली पडलो असतो. पाय उचलत नाहीत हे त्याचंच असेल असं मला आपलं वाटतं.

मुख्य म्हणजे असं स्वप्न नापासांनाच पडतं असं नाही. फ्रॉइडनं लिहून ठेवलंय की परीक्षेची स्वप्नं पास झालेल्यांना पडतात. तो स्वतः न्यायवैद्यकात नापास झाला होता, पण झोपेत त्याची परीक्षा व्हायची ती वनस्पतिशास्त्राची. माझ्या बाबतीत त्याचं गणित चुकलं, पण दादाच्या बाबतीत बरोबर निघालं. मागच्या दिवाळीत सांबारवडी खाता खाता दादा बोलून गेला की त्याला अजूनही बारावीच्या फिजिक्सचं स्वप्न पडतं. हॉल सापडत नाही, सापडला तर पेनात शाई नाही. वय 58, फिजिक्समध्ये डिस्टिंक्शन. जिद्दीत काही कमी नव्हतं ना याच्या? मी काही बोललो नाही, वडी खाल्ली. तेव्हा बोलायला पाहिजे होतं, म्हणून आज तुम्हाला लिहून राहिलो.

चरकानं स्वप्नांचे सात प्रकार सांगितले आहेत. पाहिलेलं, ऐकलेलं, अनुभवलेलं, मनात इच्छिलेलं आणि कल्पनेतलं, हे पहिले पाच. यांना काही फळ नाही, असं तो वैद्यांना स्वच्छ सांगतो. मनी वसे ते स्वप्नी दिसे, एवढंच. तुमची गाडी याच पाचांतली. परीक्षा सोडलीत, ठीक आहे. सोडण्याची तुमची कारणं तुम्हाला माहीत. कुणी भिंतीवरचं वाक्य फेकून मारलं तर त्याला विचारा, तुला बारावीचा पेपर अजून पडतो का म्हणून.

आणि झोपू देत नाही ते स्वप्न, हे तर मला कधीच पटलं नाही. झोपू देत नाही ती ॲसिडिटी. रात्ररात्र जागून पोरं वाचलेलं विसरतात, कारण वाचलेलं पक्कं होतं ते झोपेतच.

एक राहिलं. स्वप्नात खरोखर लाथा बसत असतील, शेजारच्याला लागत असेल, किंवा एखाद्या अपघातानंतर हे सुरू झालं असेल, तर माझं ऐकू नका, डॉक्टरकडे जा. नुसतं दचकून जाग येत असेल तर एक उपाय डॉक्टरही सांगतात. दिवसा बसून स्वप्नाचा शेवट बदलून लिहायचा आणि रोज थोडा वेळ मनात चालवायचा. मी लिहिला होता. मी गाडीत चढतो, बाबा शेवटच्या डब्यातून कंदील दाखवतात, आणि खटका न ऐकताच मला कळतं की हिरवा आहे. कोणता हिरवा ते मला सांगता येणार नाही. दुकानात मोटरच्या वायरी जोडताना मी अजून पोराला विचारतो, ही कोणती.

तुम्ही एप्रिलपासून म्हणालात, म्हणून विचारतो. कुठे राहता ते लिहिलं नाहीत, पण इकडेच असाल तर खोलीत कूलर आहे का? गरमीनं झोप सारखी मोडते, आणि मोडली की मधलं स्वप्न लक्षात राहतं. नाहीतर ते पडून विसरूनही गेलं असतं. मे महिन्यात माझं निम्मं गिऱ्हाईक मला आपली स्वप्नं सांगत असतं. मागच्या वर्षीच्या ताट्या असतील तर बदलून घ्या, पंपाची जाळी साफ करा आणि समोरची खिडकी उघडी ठेवा, बंद खोलीत कूलर नुसता दमट करतो. आठ दिवसांनी स्वप्न कमी झालं का ते इथंच लिहा.