दृष्टिहीन बहिणीसाठी ११ इंची छोटा लॅपटॉप पुरेल का, की १५ इंचीच घ्यावा?

आपली बहीण पूर्णतः दृष्टिहीन आहे, यंदा बी.ए.च्या पहिल्या वर्षाला गेली आहे, पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा स्क्रीन रीडर तिला येतो, आणि घरातले सगळे म्हणत आहेत की घ्यायचाच तर १५ इंची घ्यावा, असे आपण प्रश्नात लिहिले आहे. त्यातल्या ‘घरातले सगळे’ या दोन शब्दांमुळे मी लिहायला बसलो. मी स्वतः जन्मतः दृष्टिहीन आहे आणि सध्या बँकेत नोकरी करतो. जिला पडदा दिसतच नाही तिच्या लॅपटॉपचे माप पडद्यावरून ठरवायचे, यात तिचा विचार नसून घरच्यांच्या सोयीचा विचार आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

२०१० साली मी साताऱ्याहून पुण्याला इतिहासात एम.ए. करायला आलो, तेव्हा शिष्यवृत्तीच्या साठवलेल्या पैशांतून एक जुने नेटबुक, म्हणजे छोटा स्वस्त लॅपटॉप, घेतले. १० इंची पडदा, ॲटम प्रोसेसर, १ जीबी रॅम आणि विंडोज एक्सपी, एवढाच त्याचा ऐवज होता. जॉज हा स्क्रीन रीडर विकत घेणे शक्यच नव्हते, कारण त्याची किंमत त्या नेटबुकच्या कितीतरी पट होती. एनव्हीडीए हा दुसरा स्क्रीन रीडर मात्र फुकट होता. ऑस्ट्रेलियातील मायकल करन या स्वतः दृष्टिहीन असलेल्या तरुणाने तो २००६ मध्ये लिहायला घेतला होता, आणि मित्राने पेन ड्राइव्हवर आणून दिलेली त्याची प्रत माझ्या नेटबुकवर कुरकुर न करता चालली. थोरल्या भावाला, म्हणजे दादाला, ही खरेदी मुळीच रुचली नाही. तो म्हणाला, “हे खेळणं आहे. उद्या काही अडलं तर आम्हाला त्यात दिसणार तरी काय?” त्या वाक्यातला ‘आम्हाला’ मी अजून विसरलेलो नाही.

त्या दिवाळीत मी घरी गेलो असताना दादाने नवा प्रिंटर आणला होता आणि माझ्या प्रबंधाची पाने त्यावर छापायची होती. जोडणी करताना सेटिंग्जची जी चौकट उघडली ती नेटबुकच्या पडद्यापेक्षा उंच निघाली, कारण त्या पडद्याची उंची अवघी ६०० पिक्सेल होती. खालची ‘ओके’ आणि ‘कॅन्सल’ ही बटणे पडद्याबाहेर गेली होती. दादा माऊसने ती चौकट वर ओढू पाहत होता, पण तिचे डोके पडद्याच्या वरच्या काठाला टेकून थांबत होते, आणि अर्धा तास ‘ओके आहेच कुठे?’ एवढेच चालले होते. शेवटी मी नेटबुक मांडीवर घेतले आणि टॅब दाबत गेलो. स्क्रीन रीडरला चौकट कुठे संपते याच्याशी देणेघेणे नसते, तो बटणांची नावे क्रमाने वाचतो. चौथ्या की पाचव्या टॅबला ‘ओके बटन’ ऐकू आले, मी एंटर मारला आणि पाने बाहेर येऊ लागली. दादा एवढेच म्हणाला की मोठा लॅपटॉप असता तर ही वेळच आली नसती.

त्या यंत्राचा खरा दोष दादाला कधी कळलाच नाही, कारण तो पडद्यात नव्हता, कीबोर्डात होता. त्यात उजवी शिफ्ट वरच्या बाणाच्या पलीकडे ढकललेली होती. इन्स्क्रिप्ट या मराठी कीबोर्ड आराखड्यात टंकन करणाऱ्याला याचा अर्थ लगेच कळेल: अ, आ, इ, ई हे सुटे स्वर डाव्या हाताच्या कळांवर असल्यामुळे ते उमटवायला उजवी शिफ्ट लागते. मी ‘आणि’ लिहायला जायचो, करंगळी बाणावर पडायची, एनव्हीडीए वरची ओळ वाचू लागायचा आणि त्या ओळीत कुठेतरी एक अनाथ काना जाऊन बसायचा. असे काने निपटून काढण्यात माझा पहिला महिना गेला. तरीही स्वारगेटहून सुटणाऱ्या रात्रीच्या एस.टी.त, एका हातात काठी आणि पाठीवर पुस्तके असताना, मला तेच यंत्र उपयोगी पडले. पडद्याचा उजेड शून्यावर आणून, झाकण जेमतेम बोटे जातील इतके उघडून मी साताऱ्यापर्यंत टिपणे लिहीत असे आणि बॅटरीही तोवर पुरत असे. एकदा शेजारचे काका कळवळून म्हणाले, “अहो, तुमचा कॉम्प्युटर बंद पडलाय.”

तेव्हा बहिणीला दुकानात सोबत न्या आणि लॅपटॉप तिच्या हातात द्या. शिफ्ट, बाण आणि डिलीट या कळा चाचपून लगेच सापडतात का, होम, एंड, पेज अप यांसाठी दर वेळी एफएन दाबून धरावे लागते का, हे तिलाच ठरवू द्या. विंडोज, कंट्रोल आणि एंटर एकत्र दाबले की विंडोजमधलाच नॅरेटर हा स्क्रीन रीडर बोलू लागतो, त्यामुळे काहीही इन्स्टॉल न करता कळ दाबणे आणि आवाज येणे यांत किती वेळ जातो तेही तिथेच समजेल. हा उशीर सगळ्यात जाचक असतो. विंडोज ११ असलेला ४ जीबी रॅमचा स्वस्त लॅपटॉप मी तरी घेणार नाही. ८ जीबी रॅम आणि एसएसडी ही वेगवान डिस्क असावी. दुकानदार विंडोज नसलेले क्रोमबुक पुढे करील, त्यात क्रोमव्हॉक्स हा त्याचा स्वतःचा स्क्रीन रीडर असतो, पण एनव्हीडीए त्यावर चालत नाही. घरी आल्यावर एनव्हीडीएमध्ये ‘लॅपटॉप’ हा कीबोर्डचा आराखडा निवडून कॅप्स लॉकला एनव्हीडीए कळ, म्हणजे त्याला आज्ञा देताना दाबून धरायची कळ, करा.

१५ इंचीच्या बाजूने एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, ती म्हणजे त्यात बहुधा नमपॅड, म्हणजे उजवीकडचा आकड्यांच्या कळांचा गट, असतो, आणि स्क्रीन रीडरला आज्ञा देताना ज्यांचा हात नमपॅडवर बसला आहे त्यांना तो सुटला की चुकल्यासारखे वाटते. बहिणीचे शिक्षण तशा कीबोर्डावर झाले असेल तर तिला आधी विचारा. यूएसबीचा सुटा नमपॅडही मिळतो.

आणि हे मी सुरुवातीलाच लिहायला हवे होते: वरचे सगळे पूर्ण दृष्टिहीन व्यक्तीसाठी आहे. तिला थोडे जरी दिसत असेल आणि ती अक्षरे मोठी करून वाचत असेल, तर छोट्या पडद्यावर एका वेळी दोन-तीन शब्दच मावतील आणि मान अवघडेल. तशा वेळी दादाचे म्हणणे बरोबर आहे. माझ्या बाबतीत मात्र ते तेव्हा बरोबर नव्हते, आणि हे त्याने अजून कबूल केलेले नाही.