मोठी गोणी घेतली तर स्वस्त पडतं का?
तांदळाच्या बाबतीत बहुतेक वेळा हो. पण पाकिटावरची किंमत न बघता किलोमागचा भाव काढा; ऑफर असली की कधीकधी छोटं पाकीटच स्वस्त निघतं (मी स्वतः बरेचदा फसलोय). पांढरा तांदूळ कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात वर्षभर सहज टिकतो. ब्राउन राइस मात्र जास्त भरू नका, कोंड्यातल्या तेलामुळे साधारण ६ महिन्यांत खवट होतो. रोजच्या मऊ भाताला कणी चालत असेल तर तीच घ्या, चव तीच आणि भाव बराच कमी. कडधान्यं डबाबंद घेण्याऐवजी कोरडी घ्या, भिजवून शिजवली की दुपटीहून जास्त भरतात. पीठ, मसाले महिन्यापुरतेच. किडीची भीती वाटत असेल तर नवं धान्य आधी ४ दिवस फ्रीझरमध्ये ठेवा.